पिशवी काढली, पण हाडांचं काय?

मैत्रिणींनो, इस्ट्रोजेन म्हणजे बायकांचं संप्रेरक, त्याचं काम मूल होण्यापुरतं, असंच आपण ऐकत आलो. त्याचा निरोप घेणारी प्रथिनं, म्हणजे रिसेप्टर, मुख्यतः पेशीच्या केंद्रकात असतात, थोडे पेशीच्या आवरणावरही. आणि अशा पेशी हाडांत, मेंदूत, रक्तवाहिन्यांतही आहेत. पुरुषांच्यासुद्धा! त्यातला दुसरा प्रकार १९९६ साली सापडला तो चक्क उंदराच्या प्रोस्टेट ग्रंथीत.

२०१९ मध्ये बीडच्या ऊसतोड बायकांच्या पिशव्या काढल्याचं प्रकरण गाजलं. तिशीतल्या बाईचे दोन्ही बीजकोशही काढले, तर इस्ट्रोजेन एकदम घटतं, हाडं ठिसूळ होऊ लागतात. तेव्हा ‘पिशवी काढून टाका’ म्हणणाऱ्या डॉक्टरांना विचारा, गरज काय? आणि बीजकोश ठेवणार ना? उत्तर केसपेपरवर लिहून घ्या.