लिखाणाची पिग्मी

(वर्षअखेरीस तरुण वाचकांच्या बैठकीत केलेलं भाषण. बोललो तसंच, थोडं नीटनेटकं करून देत आहे.)



मला विषय दिलाय, 'नव्या वर्षाचा लेखनसंकल्प'. मी काही नाव झालेला लेखक नव्हे. एका पतसंस्थेत कारकून आहे, आणि काउंटर बंद झाल्यावर जमेल तसं लिहितो. त्यामुळं साहित्यशास्त्र सांगणार नाही. मला हिशेबाची भाषा कळते, त्याच भाषेत बोलतो.

डिसेंबरच्या शेवटी आपल्यातले बरेचजण काय ठरवतात? 'यंदा कादंबरी पुरी करायचीच.' 'रोज पाच पानं लिहायची.' एक तारखेला नवी वही येते, पहिल्या पानावर मोत्यासारखं अक्षर पडतं, आणि संक्रांतीचा तिळगूळ संपायच्या आत वही कपाटात जाते. आळस हे त्याचं कारण आहे असं मला वाटत नाही. खिशात दहा रुपये असताना लाखाची मुदत ठेव ठेवायला निघालं की असंच होणार.

आपल्या बाजारातली भाजीवाली, पानवाला, टेलर असं करत नाहीत. ते पिग्मी भरतात. तुमच्या घरातही कुणाचं तरी पिग्मी खातं असेलच. ही पद्धत सिंडिकेट बँकेनं १९२८ साली उडुपीकडं सुरू केली. तेव्हा बँकेचं नावही वेगळं होतं. रोज दोन आणे बाजूला काढायचे, आणि ते न्यायला माणूस दारात यायचा. ज्याला बँकेची पायरी चढायची भीती वाटायची, त्याचीही त्यातून शिल्लक पडू लागली. माझं म्हणणं एवढंच आहे, की येत्या वर्षी लिखाणाचं पिग्मी खातं उघडा.

आता याचे नियम सांगतो.

पहिला नियम, हप्ता लहान ठेवा. रोज शंभर शब्द. शंभर शब्द म्हणजे वहीचं साधारण अर्धं-पाऊण पान, पंधरा-वीस मिनिटांचं काम. महिन्यात पंचवीस दिवस जमलं तर २,५०० शब्द होतात, वर्षाचे ३०,०००. एक लहानसं पुस्तक होईल एवढा हा ऐवज आहे. आणि एखादा दिवस चुकला तर? पिग्मी एजंट काल दुकान बंद होतं म्हणून आज दुप्पट मागत नाही. तो आजचे घेतो आणि जातो. तुम्हीही चुकलेल्या दिवसाची थकबाकी डोक्यावर घेऊ नका. थकबाकी वाढली की माणूस खात्याकडं फिरकतच नाही, हे मी रोज बघतो.

दुसरा नियम, जे आपल्या हातात आहे तेवढंच ठरवा. 'माझी कथा छापून येईल' हे संपादकाच्या हातात. 'पोस्टला पाचशे लाइक मिळतील' हे लोकांच्या हातात. 'मी तीन कथा पुऱ्या करून पाठवीन' हे माझ्या हातात. वहीत फक्त तिसऱ्या प्रकारचं वाक्य लिहा. नाहीतर चांगलं काम करूनसुद्धा वर्षाच्या शेवटी आपण नापास झालो असं वाटतं.

तिसरा नियम, एजंट नेमा. पिग्मी टिकते ती एजंटमुळं. कुणीतरी रोज येऊन उभा राहतो म्हणून गल्ल्यातून पन्नास रुपये निघतात. तुम्ही दोघं-दोघं जोडी करा. रात्री एकानं दुसऱ्याला फोन करायचा किंवा मेसेज टाकायचा, 'आजचं भरलंस काय?' बस्स. एजंट पैशाचा रंग विचारत नाही, तसं जोडीदारानं चांगलं-वाईट सांगायचं नाही. फक्त नोंद करायची. टीका करायला नंतर वेळ आहे.

चौथा नियम तुम्हाला जड जाईल. पिग्मी मुदतीआधी मोडली की व्याज मिळत नाही, कधीकधी उलट कापून घेतात. आज लिहिलं आणि आजच स्टेटसला टाकलं, तर तो मजकूर मुदतीआधी मोडल्यासारखा आहे. महिनाभर तसाच राहू दे. मग स्वतः मोठ्यानं वाचा. जिथं जीभ अडखळेल तिथं पेन्सिलीनं खूण करा. खुणा केलेल्या जागा दुरुस्त झाल्या की मग लोकांपुढं ठेवा.

आता मुख्य प्रश्न, भरायचं काय?

मी काउंटरवर बसतो म्हणून दोन गोष्टी मला दिसतात. एक म्हणजे तुमच्या वयाची पोरं येतात. मराठी फर्डं बोलतात. 'दोन ओळींचा अर्ज द्या, मराठीत चालतो' म्हटलं की पेन थांबतं. मग इंग्रजीत लिहून देतात. मोबाइलवर मराठी लिहितात तीही रोमन अक्षरांत. बोलायची लाज नाही, पण लिहायला हात अडतो. दहावीनंतर मराठी लिहायची वेळच आलेली नसते, त्यात त्यांचा दोष नाही. पण जी भाषा फक्त तोंडात असते, ती बोलणाऱ्या माणसाबरोबर जाते.

दुसरं म्हणजे तारणाला जमिनीचे कागद घेऊन म्हातारी माणसं येतात. उतारा कन्नडमध्ये असतो, त्यावर सर्व्हे नंबर असतो, क्षेत्र असतं. आजोबा मात्र नंबर सांगत नाहीत. म्हणतात, 'ते वड्याकडचं,' 'ते वडाखालचं.' एकेका तुकड्याला नाव, नावामागं गोष्ट. कुणी विहीर खणली, कुठल्या साली रताळी काढताना काय झालं, कुठल्या बांधावरनं भावाभावांत अबोला धरला. उताऱ्यावर यातलं एक अक्षर नसतं. भाषा कुठलीही असो, सरकारी कागदाला त्याची गरज नाही. ही नोंद करणारं दप्तर तुमच्या वहीशिवाय दुसरं कुठलं नाही.

म्हणून विषय शोधायला लांब जाऊ नका. घरातल्या शेताची नावं लिहा. आईनं भांडताना वापरलेली म्हण लिहा. शनिवारी बाजारात एकाच वाक्यात मराठी, कन्नड आणि हिंदी कसं बोललं गेलं ते जसंच्या तसं लिहा. आपण 'काय करूलालास?' विचारतो, तर तसंच लिहा. पात्र गल्लीतलं आणि बोलणं सदाशिव पेठेतलं, असं करू नका.

'पण असलं बोलणं साहित्यात चालतं काय?' असं कुणीतरी विचारणारच. प्रकाश नारायण संत वाचा. त्यांचा लंपन आपल्याच भागातलं बोलतो, आणि ते बोलणं सगळ्या महाराष्ट्रानं डोक्यावर घेतलं. 'वनवास' हा संग्रह १९९४ साली आला, तेव्हा संतांनी पन्नाशी कधीच ओलांडली होती. तेव्हा उशीर झाला म्हणून कुणी थांबू नका. त्यांच्या आई इंदिरा संत. त्याही बेळगावात राहून कविता लिहीत होत्या, आणि 'गर्भरेशीम'ला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला.

जी. ए. कुलकर्णी बघा. जन्म चिकोडी तालुक्यातल्या एकसंब्याचा, नोकरी धारवाडला कॉलेजात इंग्रजी शिकवायची. भोवती कन्नड, कामात इंग्रजी, आणि लिहिणं मराठीत. 'निळासावळा', 'काजळमाया', 'पिंगळावेळ' हे संग्रह असे नोकरी सांभाळून झाले. आणखी एक गोष्ट लक्षात घ्या. जीएंनी पत्रं खूप लिहिली. सुनीता देशपांडे यांना लिहिलेली पत्रं तर पुढं पुस्तकरूपानं आली. कथा सुचत नसेल त्या दिवशी पत्र लिहा. पुण्याला नोकरीला गेलेल्या मित्राला लिहा, मामीला लिहा. तो हप्ताही खात्यात जमा होतो.

मोबाइलवर लिहिणार असाल तर देवनागरी कीबोर्ड आजच चालू करा. बोलून टाइप करायची सोयही आहे, पण ती आपल्या बोलीतली रूपं अनेकदा प्रमाण करून टाकते. नंतर वाचून आपली रूपं परत बसवा.

शेवटी मुदतीच्या तारखा. नुसतं 'वर्षभरात' म्हटलं की काही होत नाही.

जानेवारीत फक्त हप्ता भरायची सवय. याच दिवसांत आपल्याकडं कडोली, येळ्ळूर, उचगाव, कुद्रेमनी अशा गावांतनं साहित्य संमेलनं भरतात. त्यातल्या एका तरी मांडवात दिवसभर बसा. कविसंमेलन संपेपर्यंत उठू नका.

२७ फेब्रुवारीला, मराठी भाषा गौरव दिनी, एक मजकूर पुरा झालेला पाहिजे. लहान चालेल, पण पुरा पाहिजे.

मे महिन्यात पाव्हणेरावळे घरी येतात. त्या सुट्टीत घरातल्या सगळ्यांत म्हाताऱ्या माणसाजवळ वही घेऊन बसा. फक्त विचारा आणि लिहून घ्या.

जूनअखेर एक मजकूर दिवाळी अंकाला पाठवा. अंक दिवाळीत निघत असला तरी जमवाजमव पावसाळ्यातच सुरू होते. नकार आला तर दुसऱ्याकडं पाठवा. उत्तरच आलं नाही तरीही तुमचा संकल्प पुरा झाला, कारण तुम्ही 'पाठवीन' असं लिहिलं होतं.

आणि पुढच्या डिसेंबरात पासबुक भरून घ्यायचं. किती दिवस लिहिलं, किती मजकूर पुरे झाले, किती पाठवले. तीन आकडे, तेवढे पुरेत.

आता उठायच्या आधी शेजारी बसलेल्याचा नंबर घ्या. तो तुमचा एजंट, तुम्ही त्याचे. आणि खातं उघडायला एक तारखेपर्यंत थांबायचं काही कारण नाही. आज घरी गेल्यावर जेवताना विचारा, 'आपल्या त्या शेताला ते नाव का पडलं?' शेत नसेल तर गल्लीचं विचारा. जे उत्तर मिळेल ते झोपायच्या आत लिहून काढा. शंभर शब्द सहज होतील.