रानपिंगळा आणि शाळेची नोंदवही

(खापर येथे भरलेल्या प्राथमिक शिक्षकांच्या केंद्र-मेळाव्यात शिक्षण विस्तार अधिकाऱ्यांनी दिलेल्या भाषणाचा मजकूर)



परिसर अभ्यासाच्या तासाला वन्यप्राण्यांचा पाठ निघाला की आपण मुलांना वाघ, सिंह, हत्ती यांची चित्रे दाखवितो. ती अवश्य दाखवावीत. परंतु ज्या एका लहानशा पक्ष्यामुळे शहादा आणि तळोदा ही नावे जगभरच्या पक्षिशास्त्रज्ञांच्या तोंडी झाली, त्याचे नाव आपल्या किती विद्यार्थ्यांना सांगता येईल? तो पक्षी म्हणजे रानपिंगळा. त्याची हकीकत मी आज आपणांपुढे ठेवणार आहे. तीत शिक्षकाने घेण्याजोगा एक बोध आहे आणि तो नोंदीसंबंधीचा आहे.

१८७२ साली एफ. आर. ब्लुइट यांना आजच्या छत्तीसगडच्या रानात एक लहान घुबड मिळाले. पुढे राष्ट्रीय सभेच्या स्थापनेमुळे ज्यांचे नाव सर्वश्रुत झाले ते ए. ओ. ह्यूम हे मोठे पक्षिशास्त्रज्ञही होते. त्यांनी १८७३ साली या घुबडाचे वर्णन प्रसिद्ध करून शास्त्रीय नावात ब्लुइटचे नाव गुंफले. त्यानंतर १८८० ते १८८४ या काळात जेम्स डेव्हिडसन यांनी त्या वेळच्या खानदेशच्या पश्चिम भागात, म्हणजे आपल्याच शहादा-तळोद्याकडे, या पक्ष्याचे काही नमुने मिळविले. नमुन्याबरोबर स्थळ आणि तारीख लिहिलेली चिठ्ठी असे. यानंतर मात्र या पक्ष्याची खात्रीलायक नोंद झालीच नाही.

मध्यंतरी एक विपरीत गोष्ट घडली. रिचर्ड माइनर्ट्झहागेन या इंग्रज लष्करी अधिकाऱ्याच्या संग्रहात या पक्ष्याचा एक नमुना होता. १९१४ साली तापीकाठच्या मांडवी येथे तो मिळाला, असे त्याच्या चिठ्ठीवर लिहिले होते. ती चिठ्ठी खोटी होती. पुढील तपासणीत असे आढळले की, डेव्हिडसन यांचा जुना नमुनाच संग्रहालयातून लांबवून, पुन्हा भरून, त्यावर नवे स्थळ आणि नवी तारीख चढविण्यात आली होती. खोटी नोंद शोधणाऱ्यास भलत्याच रानात नेते. आणि ती कागदावर नीटनेटकी दिसत असल्यामुळे वर्षानुवर्षे कोणास शंकाही येत नाही.

अमेरिकेतील पक्षिशास्त्रज्ञ पामेला रासमुसेन यांनी ही खोटी नोंद बाजूस सारली आणि खऱ्या चिठ्ठ्यांवरील गावांची वाट धरली. बेन किंग आणि डेव्हिड ॲबट हे त्यांचे सोबती होते. २५ नोव्हेंबर १९९७ रोजी शहाद्याजवळच्या रानात त्यांना रानपिंगळा दिसला. १८८४ पासून मोजल्यास मध्ये ११३ वर्षे लोटली होती. आपला नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ रोजी अस्तित्वात आला. तेव्हा जिल्ह्याच्या जन्माआधीच सात महिने हा पक्षी प्रकट झाला होता, असे आपण मुलांना गमतीने सांगू शकता. पुढे तोरणमाळच्या रानात त्याचा अभ्यास झाला. मेळघाट, मध्य प्रदेशातील खंडवा, ठाणे-पालघरकडील तानसा आणि गुजरातेतील डांगचे रान येथेही तो आढळला. पूर्वी तो जागतिक यादीत अतिसंकटग्रस्त गणला जात असे. २०१८ पासून संकटग्रस्त गणला जातो. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत त्याला स्थान आहे.

आता हा पक्षी ओळखावा कसा? गावातल्या पिंगळ्याच्या डोक्यावर पांढऱ्या ठिपक्यांची दाटी असते. रानपिंगळ्याच्या माथ्यावर ते जवळजवळ नसतात. छाती गर्द तपकिरी, पोट पांढरे आणि पंजे अंगाच्या मानाने दणकट. घुबड असूनही तो दिवसा वावरतो. हिवाळ्याच्या सकाळी उंच झाडाच्या उघड्या फांदीवर ऊन खात बसतो. सरडे, पाली, उंदीर, मोठे किडे हे त्याचे अन्न. त्याला साग आणि इतर पानझडी वृक्षांचे, मध्ये थोडी मोकळीक असलेले रान मानवते. मात्र त्याला एक गोष्ट अवश्य लागते. ती म्हणजे झाडाची ढोली.

ढोली त्याला स्वतःला कोरता येत नाही. सुतार किंवा तांबट पक्षी लाकूड कोरतो, वादळात फांदी मोडून तिच्या जागी लाकूड कुजते, तेव्हा वर्षांमागून वर्षांनी ढोली तयार होते. म्हणजे ती जुन्या झाडातच सापडावयाची. यावरून एक गणित मांडता येते. शंभर वर्षांचे एक झाड पाडून त्याच्या जागी शंभर रोपे लावली, तर झाडांची संख्या वाढली. ढोल्यांची संख्या मात्र एकाने घटली आणि ती भरून येण्यास दोन-तीन पिढ्या जाव्या लागतील. आपण वृक्षारोपणाचे अहवाल पाठवितो, त्यांत रोपांचा रकाना असतो. ढोलीचा रकाना कोठेच नसतो.

हीच गोष्ट दूरच्या सदाहरित वनांतही दिसते. तमिळनाडूतील अनामलाई पर्वतात वालपराईच्या पठारावर चहा-कॉफीचे विस्तीर्ण मळे आहेत आणि त्यांत मूळच्या वर्षावनाचे तुकडे बेटांप्रमाणे राहिले आहेत. उघड्या चहामळ्यापेक्षा रानातील मूळ वृक्षांच्या सावलीत वाढविलेल्या कॉफीच्या मळ्यात पक्ष्यांच्या जाती अधिक आढळतात. त्या प्रदेशात धनेश पक्षी आहे. त्याची मादी ढोलीत शिरून तोंड लिंपून घेते, फक्त चोच बाहेर येईल एवढी फट ठेवते, आणि नर तिला व पिलांना उंबरवर्गीय वृक्षांची फळे आणून भरवितो. ढोलीचे झाड गेले की घर गेले आणि उंबर गेला की शिधा गेला. आपल्याकडेही राखी धनेश आहे आणि त्याचीही रीत हीच आहे. मळ्याभोवती सगळीकडे एकाच जातीची, एकाच वयाची झाडे उभी केली, तर दुरून रान हिरवे दिसते. पण त्यात घर मिळत नाही आणि बाराही महिने शिधाही मिळत नाही. केवळ सागाची किंवा निलगिरीची लागवड आणि मोह, उंबर, तेंदू, सालई, सादडा यांनी भरलेले मिश्र रान यांतील भेद हाच होय.

आपल्या भागातील रान का घटले, याची कारणे आपण जाणता. इमारती लाकडासाठी तोड झाली, शेती डोंगरात चढली. सरदार सरोवरामुळे अक्कलकुवा व अक्राणी तालुक्यांतील मिळून ३३ गावे बाधित झाली आणि विस्थापितांच्या पुनर्वसनासाठी तळोद्याकडील वनजमीन द्यावी लागली. ज्यांनी आपली घरे व शेते पाण्याखाली जाताना पाहिली, त्यांना रानाचे पाठ देण्याचा अधिकार आपणांस नाही. त्यांच्या मुलांजवळ जे ज्ञान आहे, ते आधी आपण विचारून घेतले पाहिजे. रानपिंगळा हरवला होता तो शास्त्राच्या पुस्तकांतून. रानात गुरे चारणाऱ्यांपैकी कोणी तो पाहिलाही असेल. परंतु त्याला कोणी विचारले नाही आणि लिहून घेतले नाही.

म्हणून माझी सूचना अशी की, प्रत्येक शाळेने जुन्या झाडांची एक नोंदवही ठेवावी. गावशिवारातील, बांधावरील, देवस्थानाजवळील, ओढ्याकाठचे प्रत्येक मोठे झाड तीत यावे. झाडाचे नाव मुलाच्या बोलीत आधी आणि मराठीत नंतर लिहावे. छातीच्या उंचीवर दोरीने बुंध्याचा घेर मोजावा. तेवढ्यात मोजमापाचा पाठही होतो. ढोली आहे किंवा नाही, तीत कोण राहते, हे दुरून पाहून लिहावे. झाडावर चढू नये, ढोलीत हात घालू नये, अंडी-पिलांना स्पर्श करू नये. शेवटी तारीख आणि पाहणाऱ्या मुलाचे नाव लिहावे. जे दिसले तेच लिहावे. दिसले नसेल तर "दिसले नाही" असे लिहावे. पाहुण्यांना बरे वाटावे म्हणून रकाना भरू नये. खोट्या चिठ्ठीची गोष्ट मी एवढ्याकरिताच सांगितली.

२००२ च्या जैवविविधता कायद्याप्रमाणे गावपातळीवर लोकांची जैवविविधता नोंदवही असावयाची आहे आणि २००६ च्या वनहक्क कायद्याने वन्यजीव व वन यांच्या रक्षणाचा अधिकार ग्रामसभेस दिला आहे. मुलांची वही ग्रामसभेपुढे वाचून दाखविली, तर ती या कामी उपयोगी पडेल.

आणखी दोन गोष्टी नाजूक आहेत, त्या समजुतीने हाताळाव्या लागतील. पिंगळ्याच्या बोलण्यावरून शकुन पाहण्याची चाल आपल्याकडे जुनी आहे. घुबड अशुभ मानून त्यावर गलोल चालविली जाते आणि दिवाळीच्या सुमारास मंत्रतंत्रासाठी घुबडे पकडणारेही असतात. मुलांस रागे भरू नये. एक घुबड किती उंदीर खाते आणि उंदीर किती धान्य खातो, याचा विचार त्यांनाच करावयास लावावा. दुसरी गोष्ट मोहाची. फुले वेचणे सोपे जावे म्हणून झाडाखालचा पाला पेटवितात. आग पसरली की रोपे, किडे, सरडे आणि जुन्या झाडांचे पोकळ बुंधे जळतात. मोहाच्या फुलांवर कित्येक घरांचा संसार चालतो, तेव्हा फुले वेचू नका असे कोण म्हणेल? पाला पेटविण्याऐवजी झाडून बाजूस करता येतो किंवा खाली जुनी लुगडी अंथरता येतात, एवढे मुलांकरवी घरी पोहोचवावे.

एक खुलासा करतो. वर्गावर ओणवलेली धोक्याची फांदी ढोलीसाठी ठेवावी, असे माझे म्हणणे नाही. मुलांचा जीव प्रथम. परंतु कोणास इजा न करता बांधावर उभे असलेले वाळके झाड केवळ "निरुपयोगी" म्हणून पाडण्यात येत असेल, तर शिक्षकाने दोन शब्द बोलावेत.

पुढील मेळाव्यास प्रत्येक शाळेने आपल्या वहीचे एक पान आणावे. पाचच झाडांची नोंद असली तरी चालेल. ती खरी असावी.