भुयारातील अंधाराचा मालक कोण?

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात दिलेले व्याख्यान)



न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन विभागातून मॅनहॅटनकडे जाणारी भुयारी गाडी डीकाल्ब अ‍ॅव्हेन्यू स्थानक सोडून पुलाकडे निघाली, की खिडकीबाहेरच्या काळोखात एकाएकी चित्रे हलू लागतात. रंगीत आकृत्या फुगतात, वळतात, एकमेकींत मिसळतात. अग्निबाणासारखे काहीतरी वर झेपावते. आणि सुमारे वीस सेकंदांत सारे संपून गाडी उजेडात येते. तेथे पडदा नाही, प्रक्षेपक नाही. 1956 साली बंद पडलेल्या मर्टल अ‍ॅव्हेन्यू स्थानकाच्या फलाटावर बिल ब्रँड या चित्रपटकाराने 1980 साली सुमारे 300 फूट लांबीची पेटीवजा भिंत उभारली, तिच्या आत हाताने रंगविलेली 228 चित्रे ओळीने लावली, त्यांच्यावर दिवे सोडले आणि गाडीच्या बाजूला अरुंद उभ्या फटी ठेवल्या. या कृतीचे नाव ‘मॅसट्रान्सिस्कोप’.

त्यामागील तत्त्व जुने आहे. 1834 साली विल्यम हॉर्नर या इंग्रज गणितज्ञाने फटी पाडलेल्या फिरत्या नळकांड्यातून हलती चित्रे दाखविणारे खेळणे तयार केले होते. तेथे नळकांडे फिरते आणि पाहणारा स्थिर असतो. ब्रुकलिनला चित्रे स्थिर आहेत आणि पाहणाराच पळतो आहे. गाडी मंदावली की चित्र मंदावते, गाडी थांबली की चित्रपटही थांबतो. म्हणजे हा चित्रपट चालविण्याची शक्ती प्रवाशाच्या प्रवासातूनच येते. ही गोष्ट ध्यानात ठेवावी, कारण पुढचा सारा व्यवहार तिच्यावरच उभा आहे.

ज्या काळात हे काम झाले तो काळ न्यूयॉर्कला सुखाचा नव्हता. 1975 साली ते शहर दिवाळखोरीच्या उंबरठ्यावर येऊन ठेपले होते. भुयारी गाड्या मोडकळीस आल्या होत्या, आणि 1980 सालीच तिकिटाचा दर 50 सेंटांवरून 60 सेंटांवर नेण्यात आला होता. अशा दिवसांत ‘क्रिएटिव्ह टाइम’ या कलासंस्थेच्या पाठबळावर, अनुदाने गोळा करून, कामावरून थकून परतणाऱ्या माणसाला वीस सेकंदांचा विस्मय मिळाला. त्याच्याकडून कोणी काही मागितले नाही आणि त्याला काही विकलेही नाही.

आता दुसरे चित्र पाहा. 2001 साली अमेरिकेतीलच अटलांटा शहराच्या भुयारी रेल्वेत हेच तत्त्व पुन्हा अवतरले. जोशुआ स्पोडेक या खगोलभौतिकीच्या अभ्यासकाने काढलेल्या ‘सबमीडिया’ कंपनीने बोगद्याच्या भिंतीवर चित्रमालिका बसविली, आणि प्रवाशांना खिडकीतून जे दिसले ते कोकाकोला कंपनीच्या ‘दसानी’ या बाटलीबंद पाण्याचे जाहिरातपट होते. नळाला येणारे पाणी बाटलीत घालून विकणाऱ्या धंद्याने भिंतीवरचा अंधारही विक्रीस काढावा, यात एक प्रकारची सुसंगती आहे! बोगद्यातील जाहिरात हा काही अमेरिकेचा शोध नव्हे. पॅरिसच्या मेट्रोतून जाणाऱ्यांना भुयाराच्या भिंतीवर ‘द्युबोने’ या मद्याचे नाव तुकड्यातुकड्याने वाचायला मिळत असे. पण तो केवळ रंगविलेला शब्द होता. हलते चित्र ही निराळी बाब आहे. काळोखात काही हलले की माणसाची नजर त्याच्या इच्छेवाचून तिकडे वळते. आणि हे न टाळता येणारे वळणेच जाहिरातदाराला विकले जाते.

अर्थशास्त्राच्या भाषेत बोलायचे तर येथे विक्रेता जी वस्तू विकतो ती त्याची नाहीच. बोगदा जनतेच्या पैशाने खणलेला, गाडी जनतेच्या पैशाने घेतलेली, वेग प्रवाशाने तिकीट काढून विकत घेतलेला आणि नजर तर सर्वस्वी प्रवाशाची. त्याने प्रवासाचे मोल दिले. त्यावर त्याचे लक्षही परस्पर तिसऱ्याला विकले गेले, आणि या दुसऱ्या सौद्यात त्याला ना मत, ना वाटा. वाटा मिळतो, असे म्हणणारे आहेत. जाहिरातींच्या उत्पन्नामुळे भाडे आटोक्यात राहते, हा त्यांचा युक्तिवाद. पण मोठ्या शहरांत हे उत्पन्न तिकीट-उत्पन्नाच्या तुलनेत अल्प असते. आणि न्यूयॉर्कचे 60 सेंटांचे तिकीट 2023 साली 2.90 डॉलरवर गेले, म्हणजे महागाई जमेस धरूनही ते वाढलेलेच आहे. बोगद्यातील चित्रांनी ते रोखल्याचे दिसत नाही.

हा प्रश्न न्यायालयातही गेलेला आहे. वॉशिंग्टनमध्ये ट्रामगाड्या आणि बसगाड्यांत ध्वनिक्षेपकांवरून संगीत व जाहिराती ऐकविल्या जात. 1952 साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने त्यास हरकत घेतली नाही. न्या. डग्लस यांनी एकट्याने विरोधी मत नोंदविले: गाडीतला माणूस गरजेपोटी तेथे बसलेला असतो, उठून जाण्याची त्याला सोय नसते, तो बंदिस्त श्रोता आहे. न्या. फ्रँकफर्टर यांनी तर या प्रथेचा आपल्यालाच जाच होतो, म्हणून आपण निःपक्षपाती राहू शकणार नाही, असे सांगून खटल्यातून अंग काढून घेतले. त्याआधी न्यूयॉर्कच्या ग्रँड सेंट्रल स्थानकावर 1949 साली सुरू झालेल्या जाहिरातींच्या ध्वनिक्षेपणाला प्रवाशांनी कडाडून विरोध केला होता आणि ते 1950 च्या आरंभीच बंद करावे लागले होते. न्यायालयात जे हरले ते फलाटावर जिंकले गेले होते.

1974 च्या लेहमन खटल्याचा निकाल तर राजकीय कार्यकर्त्यांनी मुद्दाम अभ्यासावा. ओहायोतील शेकर हाइट्स नगराच्या परिवहन सेवेत व्यापारी जाहिराती खुशाल लागत. पण विधिमंडळाच्या निवडणुकीतील एका उमेदवाराने पैसे भरून जागा मागितली तेव्हा ती नाकारली गेली. सर्वोच्च न्यायालयाने पाचास चार मतांनी नगराची बाजू उचलून धरली, आणि बंदिस्त प्रवाशांना प्रचारापासून वाचविणे हेही त्याचे एक कारण होते. बंदिस्तपणाची ही करुणा सिगारेट विकणाऱ्याच्या बाबतीत मात्र आठवली नाही.

आक्षेप असा येईल की ब्रँडच्या चित्रांनाही प्रवाशाची संमती कोणी घेतली होती? आक्षेप रास्त आहे. कलाही अनाहूत असू शकते, आणि सरकारी कला तर पुष्कळदा कंटाळवाणीही असते. फरक हेतूचा आहे, तसाच उत्तरदायित्वाचाही. सार्वजनिक भिंतीवर काय असावे याचा जाब लोक आपल्या प्रतिनिधींना विचारू शकतात. जाहिरातीच्या करारातील अटी बहुधा त्यांना दिसतही नाहीत.

मात्र कलेच्या बाजूचे एक दुखणे लपवून उपयोग नाही. अनुदान उभारणीला मिळते, देखभालीला मिळत नाही. ‘मॅसट्रान्सिस्कोप’चे दिवे गेले, चित्रे रंगफवाऱ्यांच्या अक्षरांखाली गाडली गेली, आणि वर्षानुवर्षे त्या खिडक्यांबाहेर पुन्हा निव्वळ काळोख होता. 2008 साली जीर्णोद्धार झाला; 2012 च्या सँडी चक्रीवादळात गाड्या बंद असताना त्यावर पुन्हा रंग फासले गेले; 2013 मध्ये ते परत स्वच्छ करण्यात आले. जाहिरातीचा दिवा गेला तर दुसऱ्या दिवशी माणूस येतो, कारण तेथे भाडे थांबते. सार्वजनिक वस्तूच्या देखभालीची तरतूद अंदाजपत्रकात वेगळी नसेल, तर तिचा पराभव तिच्या विरोधकांनी करण्याची गरजच उरत नाही.

मुंबईत आरे ते कफ परेड ही 33.5 किलोमीटरची भुयारी मेट्रो 2024 आणि 2025 या वर्षांत टप्प्याटप्प्याने सुरू झाली. तिच्या स्थानकांच्या नावांना कंपन्यांची नावे जोडण्याचे हक्क विकले गेले आहेत. भिंतींचा प्रश्न त्यापाठोपाठ येणारच. मेट्रो उभारणारी कंपनी केंद्र व राज्य सरकारांच्या मालकीची आहे, तेव्हा 2005 चा माहितीचा अधिकार कायदा तिला लागू आहे. फलाटांवरील, डब्यांतील आणि बोगद्यांतील जाहिरातींचे हक्क कोणास दिले, किती वर्षांसाठी, किती रकमेस, आणि त्या रकमेतील किती भाग तिकिटाच्या दरात वजा धरला, एवढे चार प्रश्न एका साध्या अर्जात मावतात.