मग ही मेंढरं कोण ओरडतायत?

आज फक्त एक अध्याय घेऊ, १ शमुवेल १५. ऐकून झाल्यावर स्वतः वाचा, पाच-सात मिनिटं लागतील.

शौल हा इस्राएलचा पहिला राजा. संदेष्टा शमुवेल त्याला देवाचा निरोप देतो: अमालेक्यांवर चाल कर, सगळ्याचा नाश कर, माणूस नाही, जनावर नाही, काही ठेवू नकोस. हे वाचताना पोटात गोळा येतो, मलाही येतो. त्यात लेकरंही आहेत. या आज्ञेवर शतकानुशतकं वाद चाललाय, आणि तो एका एपिसोडमध्ये मिटवतो असं म्हणणं खोटेपणा होईल. आज बघायचंय ते शौल काय बोलतो एवढंच.

शौल दोन लाख पायदळ आणि यहूदाचे दहा हजार घेऊन जातो, जिंकतो. पण राजा अगागला जिवंत ठेवतो, आणि धष्टपुष्ट मेंढरं-गुरंही. टाकाऊ होतं ते मात्र मारून टाकलं. मग कर्मेलला जाऊन स्वतःचं स्मारक उभारतो. हो, स्वतःचंच.

गिलगालला शमुवेल भेटतो, तर त्याने काही विचारायच्या आधीच शौल सांगतो, परमेश्वराची आज्ञा मी पूर्ण केली. आमच्या भाषेत, तिकीट क्लोज, स्टेटस डन! शमुवेल शांतपणे विचारतो, मग कानावर येतोय तो मेंढरांचा आणि गुरांचा आवाज कसला?

आता उत्तरातलं व्याकरण बघा. मला या अध्यायात सगळ्यात जास्त हेच आवडतं. आज्ञा पाळली ती ‘मी’. मेंढरं राखली ती ‘लोकांनी’. बाकीच्यांचा नाश केला तो ‘आम्ही’. आणि ही जनावरं कशासाठी? ‘तुझा देव’ परमेश्वर याला यज्ञ करायला. माझा नाही, तुझा! पुढे तर अगागला धरून आणलं हाच तो आज्ञापालनाचा पुरावा म्हणून सांगतो.

शमुवेलचं उत्तर सगळ्यांना माहीत असतं, यज्ञापेक्षा आज्ञापालन बरं. पण ते नेमकं इथेच का आलं? लेवीय ७ वाचा. शांत्यर्पणाच्या यज्ञात मांसाचा बराच भाग अर्पण करणाराच खातो. शौलच्या मनात कुठला यज्ञ होता ते मजकुरात नाही, पण तसा असता तर देवाचं नाव आणि लोकांची मेजवानी, दोन्ही जमलं असतं. मला वाटतं साफ नकार देणारा माणूस परवडला. नव्वद टक्के करून शंभर सांगणाऱ्याला थांबवणं अवघड, कारण त्याला स्वतःलाच ते खरं वाटायला लागतं.

शेवटी शौल म्हणतो, मी पाप केलं. पण लगेच कारण जोडतो, लोकांची भीती वाटली. (हे कारण खरं असावं असं मला वाटतं, पूर्ण प्रकरणात तो पहिल्यांदाच सरळ बोलतो.) आणि त्यानंतर काय मागतो? वडीलधाऱ्यांसमोर माझा मान राख.

याच्या शेजारी २ शमुवेल १२ ठेवा. दावीदचं पाप आपल्या हिशेबाने कितीतरी भयंकर, परक्याची बायको आणि वर उरियाचा खून. नाथान समोर येऊन सांगतो तेव्हा दावीदचं उत्तर मूळ इब्रीत फक्त दोन शब्दांचं आहे: परमेश्वराविरुद्ध पाप केलं. ‘पण’ नाही, ‘लोक’ नाहीत. म्हणून परिणाम टळले असंही नाही, त्याचं बाळ गेलं. राज्य मात्र राहिलं.

शौलचं गेलं. गिलबोवाच्या डोंगरावर लढाई हरल्यावर तो आपल्याच तलवारीवर पडला. काही दिवसांनी एक तरुण त्याचा मुकुट घेऊन दावीदकडे आला आणि बक्षिसाच्या आशेने म्हणाला, मीच त्याला मारलं. दावीदने विचारलं, तू कुठला?

तो म्हणाला, मी अमालेकी.