भीती, शिटी आणि तेविसावं स्तोत्र

(१९८१च्या दहावीच्या तुकडीच्या मेळाव्यात केलेलं भाषण)



सूत्रसंचालकांनी माझी ओळख करून देताना ‘अडतीस वर्षं रेल्वेचं इंजिन चालवलेला निर्भय माणूस’ असं म्हटलं. तेव्हा मागच्या रांगेत जे हसले, ते सगळे माझ्याबरोबर बोर्डिंगला होते. रात्री विहिरीपर्यंत एकटं जायची वेळ आली, की मी कुणाला तरी शेंगदाण्याच्या लाडवाची लाच देऊन बरोबर नेत असे, हे त्यांना आठवतंय. लाच घेणारे दोघं आज समोरच बसलेत. तेव्हा ‘निर्भय’ हा शब्द आधी मागे घेतो.

मला विषय दिलाय, ‘भीतीवर मात : विश्वास आणि प्रार्थना’. आपल्यापैकी निम्मे जण ख्रिस्ती नाहीत, आणि मी काही पाळक नाही. म्हणून उपदेश करत नाही. माझ्यावर जे गुजरलं ते सांगतो.

मी १९८७ साली डिझेल असिस्टंट म्हणून रेल्वेत लागलो, पुढे मालगाडीचा ड्रायव्हर झालो. नोव्हेंबर १९९९. दौंड-मनमाड मार्गावर भरलेली मालगाडी घेऊन चाललो होतो. पहाटेचे साडेपाच वाजले असतील, शेतांवर धुकं होतं. तुम्ही रेल्वेनं जाता तेव्हा रुळाच्या कडेला पिवळी पाटी दिसते, तिच्यावर ‘सी/फा’ लिहिलेलं असतं. बऱ्याच जणांना वाटतं, ते कुठल्या तरी स्टेशनाचं नाव आहे. ते आहे सीटी आणि फाटक. पुढे फाटक आहे, इथून शिटी वाजवत जा, असा त्याचा अर्थ. त्या काळी कितीतरी फाटकांवर ना दांडा होता ना माणूस. ड्रायव्हरची शिटी हाच काय तो बंदोबस्त.

मी शिटी वाजवली. सोडली नाही, वाजवतच राहिलो. फाटकाजवळ आलो तेव्हा धुक्यातून सायकल धरून चालणारा एक म्हातारा माणूस रुळावर आला. सायकलला दुधाची किटली होती. त्यानं मान वळवलीच नाही. मी इमर्जन्सी ब्रेक मारला, पण भरलेली मालगाडी म्हणजे काही रिक्षा नव्हे. ती थांबली तेव्हा आम्ही फाटकाच्या कितीतरी पुढे निघून गेलो होतो.

पुढचं वर्णन करत नाही. गार्ड टॉर्च घेऊन मागे गेला. लेखी मेमो दिला. आणि मग, लोकांना हे खरं वाटत नाही, तीच गाडी मलाच पुढे न्यावी लागली.

दहा-बारा दिवसांनी जबाबाच्या वेळी कळलं, की त्यांना कानानं अजिबात ऐकू येत नव्हतं. चौकशीत माझी चूक निघाली नाही. तसा कागदही मिळाला. पण कागद वेगळा आणि पोट वेगळं. ‘सी/फा’ची पाटी दिसली, की माझ्या पोटात गोळा यायचा, हाताला घाम सुटायचा, आणि शिटीवरचा हात उठतच नसे. एकदा असिस्टंटनं माझा हात धरून खाली घेतला. मग मी ‘सिक केलं’. आजारपणाच्या रजेला आम्ही रेल्वेवाले असं म्हणतो. घरी बसून अर्ज लिहिला, की मला लॉबीत किंवा ऑफिसात कुठंही बसवा, इंजिन नको.

प्रार्थना करत होतो का? करत होतो. शब्बाथ शाळेत जे पाठ केलं होतं ते सगळं म्हणत होतो. पण मनात एक घाणेरडा विचार येऊन बसला होता. मी त्या माणसासाठी जिवाच्या आकांतानं शिटी वाजवत होतो आणि त्याला ऐकू येत नव्हतं. मी आता देवाकडे ओरडतोय, त्याचंही तसंच असेल तर? हे घरात कुणाला सांगितलं नाही. बायकोला वाटायचं, मी गाडीला घाबरलोय. मी त्याहून मोठ्या गोष्टीला घाबरलो होतो.

त्यातच बाहेरून आलेल्या एका प्रचारकांनी माझ्या डोक्यावर हात ठेवून सांगितलं, भीती म्हणजे अविश्वास. विश्वास पक्का असता तर भीती राहिलीच नसती. त्यांचा हेतू चांगला असेल. पण त्या दिवसापासून मला दोन दुखणी झाली, एक भीती आणि दुसरं म्हणजे भीती वाटते याची लाज. आज ते भेटले तर मी त्यांना गेथशेमाने बागेबद्दल विचारीन. अटक होण्याआधीच्या रात्री प्रभू येशू तिथं पालथा पडून प्रार्थना करत होता. लूक लिहितो, की त्याचा घाम रक्ताच्या थेंबांसारखा पडत होता. मत्तय सांगतो, की तिसऱ्यांदाही त्यानं तेच शब्द उच्चारले. नवीन शब्द त्यालाही सुचले नाहीत. बरोबरचे तिघे झोपले होते. आणि ज्यासाठी मागणं केलं, तो प्याला काही टळला नाही. मग आपल्याला भीती वाटली तर आपण अविश्वासू कसे ठरतो? पण हे शहाणपण मला नंतर आलं. तेव्हा मी मान खाली घालून घरी आलो होतो.

मग बायकोनं बाईंना कळवलं. नाव घेत नाही, आपल्या तुकडीला ‘बाई’ म्हटलं की पुरे. मराठीच्या बाई. ‘मी शाळेत गेली’ असं कुणी बोललं तर अख्ख्या वर्गाला क्रियापद चालवायला लावणाऱ्या. निवृत्त होऊन नगरलाच राहत होत्या. त्या रिक्षा करून घरी आल्या, खुर्चीवर बसल्या, चहा नको म्हणाल्या, आणि मला म्हणाल्या, “तेविसावं स्तोत्र म्हण.”

मी चौतीस वर्षांचा बाप्या, दोन पोरांचा बाप, हात बांधून उभा राहिलो आणि म्हटलं.

“आता सांग, सर्वनाम कुठं बदललं?”

मला वाटलं, बाईंचं वय झालं. पण सवयीनं मनातल्या मनात पुन्हा म्हणून बघितलं. ज्यांना हे स्तोत्र माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. त्यात परमेश्वराला मेंढपाळ म्हटलंय. सुरुवातीला कुरण आहे, संथ पाणी आहे, आणि मेंढपाळाविषयी बोलताना ‘तो’ आहे. तो मला नेतो, तो माझं असं करतो. मग मरणाच्या काळोखाची दरी येते. आणि तिथं, बरोबर त्याच ठिकाणी, ‘तो’ जाऊन ‘तू’ येतो. लहानपणापासून शेकडो वेळा मी हे म्हटलं असेल, पण कधी ध्यानात आलं नव्हतं.

“दरीत, बाई,” मी म्हटलं.

“हं. कुरणात असताना देवाबद्दल बोलून भागतं. दरीत भागत नाही. तिथं त्याच्याशीच बोलावं लागतं. तू अजून तृतीय पुरुषात अडकलायस. देव ऐकतो का, देव असं का करतो, हे सगळं मला नको सांगू, बायकोलाही नको. त्याला सांग. भांडायचं असेल तर त्याच्याशी भांड. पण द्वितीय पुरुषात.”

एवढं बोलून त्यांनी चहा मागवला.

त्या रात्री मी अंगणात जाऊन भांडलो. काय बोललो ते इथं सांगण्यासारखं नाही. आकाशवाणी झाली नाही, अंगावर शहारा आला नाही. फक्त एक झालं. तो बहिरा असेल तर, या विचाराशी मी महिनाभर एकटा झुंजत होतो, तो विचार मी त्यालाच तोंडावर बोलून दाखवला. आणि बोलताना ध्यानात आलं, की बहिरा आहे असं खरंच वाटत असतं तर मी इतका ओरडलो नसतो.

अर्ज फाडला आणि कामावर हजर झालो.

आपल्याकडे साक्ष देताना माणसं सांगतात, की प्रार्थना केली आणि भीती पळून गेली. त्यांची गेली असेल. माझी गेली नाही. पहिल्या रात्री पाटी दिसली तेव्हा पोटात गोळा आलाच. पण या वेळी मी मोठ्यानं म्हटलं, “तू आहेस ना? मग माझा हात हलव.” हात हलला, शिटी वाजली, फाटक मोकळं होतं. पुढच्या पाटीला पुन्हा तेच. इंजिनात आम्ही सिग्नल दिसला की एकमेकांना मोठ्यानं सांगतो, दुसरा तोच शब्द उलट म्हणतो. नियमच आहे तो. त्यामुळे मोठ्यानं बोलायची लाज वाटत नव्हती. माझा असिस्टंट पंढरपूरकडचा, माळकरी घरातला. दोन-तीन रात्री त्यानं ऐकून घेतलं, मग विचारलं, “साहेब, कुणाशी बोलता?” मी सांगितलं. तो काही बोलला नाही. पण पुढच्या फाटकाला माझं म्हणून झालं, की तोही हळूच “पांडुरंगा” म्हणाला. पुढे वर्षभर आमची जोडी होती. पंचवीस-तीस फाटकं, तितक्या वेळा दोन देवांना हाक. रेल्वेच्या नियमावलीत हे कुठं बसत नाही, पण मनाईही नाही.

एक भीती मात्र राहिली होती, आणि ती फाटकाची नव्हती. त्या माणसाच्या घराची होती. त्या गावाच्या दिशेनं बघायचीही मला हिंमत नव्हती. प्रार्थनेत मी सगळं बोलायचो आणि हे तेवढं टाळायचो. टाळतोय हे मलाही कळत होतं, आणि ज्याच्याशी बोलत होतो त्यालाही कळत असणार. दीड वर्ष असं गेलं. शेवटी २००१च्या उत्तम शुक्रवारी उपासनेहून निघालो आणि तसाच एसटीत बसलो. फाट्यावरून चालत गेलो. पाय कापत होते, ‘तू चल, तू चल’ एवढंच तोंडात होतं.

त्यांची बायको ओट्यावर लसूण सोलत होती. मी कोण ते सांगितलं. तिनं बराच वेळ माझ्याकडे बघितलं. आतून पोरगा बाहेर आला, त्याला हातानंच थांबवलं. मग विचारलं, “तुम्ही शिटी वाजवली होती का?”

“वाजवली होती, मावशी. पाटीपासून फाटकापर्यंत वाजवत होतो. सोडली नाही.”

“गावात म्हणायचे, वाजवलीच नाही,” ती म्हणाली. “त्यांना काय ऐकू येत नव्हतंच. पण मला वाटायचं, मरताना कुणी हाकसुद्धा मारली नाही माणसाला.”

मग तिनं सुनेला चहा टाकायला सांगितलं. मी रडत होतो आणि ती लसूण सोलत होती. निघताना शेंगांची पिशवी दिली.

मित्रांनो, २०१९च्या जानेवारीत ब्रॉड गेजवरची सगळी बिनमाणसाची फाटकं बंद झाली. आता त्या ठिकाणी रुळाखालून रस्ता जातो आणि पाटीही निघाली. मागच्या वर्षी निवृत्तीआधीच्या शेवटच्या फेरीत तिथून गेलो. शिटी वाजवायचं काही कारण नव्हतं. तरी हात गेलाच. तोंडातून नेहमीचं वाक्यही आलं. शेजारचा नवा मुलगा घाबरून पुढे वाकला आणि म्हणाला, “काय दिसलं साहेब?” त्याला काय सांगू?

संयोजकांची चिठ्ठी आली आहे, ‘जेवण तयार आहे’. बाई असत्या तर त्यांनी ही चिठ्ठीही तपासली असती, कारण ‘तयार’चा ‘या’ अर्धा लिहिलाय. बाई २०११ साली गेल्या. शेवटच्या आठवड्यात मी भेटायला गेलो होतो, तेव्हा त्यांना बोलता येत नव्हतं. मी तेविसावं स्तोत्र म्हणत होतो. दरीपाशी आलो तेव्हा त्यांनी चादरीखालून एक बोट वर केलं, वर्गात चूक दाखवताना करायच्या तसं. मी थांबलो. चूक नव्हती. त्यांनी मान हलवली, आणि मी पुढे म्हणालो.

सलाम.