करमणुकीच्या गाडीत बसलेली खबर



खबर आणि करमणूक एका गाडीत बसली, की गाडी कोण हाकतो ते आधी पाहावे लागते. आज कापसाचा भाव, पावसाचा अंदाज आणि नाचगाणे एकाच मोबाईलवर येते. म्हणून हा विषय आम्ही मेळाव्यात घेतला.

हे मिश्रण नवे नाही. सत्यशोधक जलशांनी तमाशाचीच ढोलकी आणि वग घेतला आणि त्यातून सावकारीवर, कर्मकांडावर बोट ठेवले. माणसे गाण्यासाठी येत, विचार घेऊन जात. तिथे ढोलकी विचारासाठी वाजत होती.

पुढे रेडिओ आला. १९५६ साली आकाशवाणीच्या पुणे केंद्राने युनेस्कोच्या मदतीने पाच जिल्ह्यांतल्या १५० गावांत शेतकऱ्यांची श्रोता मंडळे उभी केली. आठवड्यातून दोनदा अर्ध्या तासाचा कार्यक्रम. वीसेक माणसे एकत्र ऐकत, चर्चा करीत, प्रश्न केंद्राकडे पाठवीत आणि पुढे त्यांची उत्तरे रेडिओवर येत. नुसता बोलणारा रेडिओ ऐकायलाही शिकला.

मोबाईलवर तर बोलणे आणि ऐकणे दोन्ही आहे. मग बिघडले कुठे? जाहिरातीवर जगणाऱ्या कंपनीला एकच हवे असते: तुमची नजर पडद्यावरून हलू नये. हा करमणुकीचा नियम आता खबरीलाही लागू झाला. साधी माहिती मागे पडते, ‘भाव भडकणार’ अशी आरोळी पुढे जाते. औषधाची जाहिरात शेतकऱ्याच्या अनुभवाचे सोंग घेऊन येते. ज्वारीच्या पोंग्यात अळी दिसली, की शेत नीट पाहण्याआधी फवारा पाठीवर चढतो. खर्च कोणाचा? आपला.

कापसाचेच पाहा. १९ ऑगस्ट २०२५ रोजी केंद्र सरकारने कापसावरचे ११ टक्के आयात शुल्क ३० सप्टेंबरपर्यंत माफ केले. त्याच महिन्यात ही माफी ३१ डिसेंबरपर्यंत वाढवली. म्हणजे आपली वेचणी घरात येण्याच्या ऐन वेळी परदेशी कापसाला दार उघडे होते. पण व्हिडिओ मरत नाही. पहिल्या तारखेचा व्हिडिओ पाहून ‘ऑक्टोबरात शुल्क लागेल, भाव चढेल’ असा हिशेब ज्याने केला असेल, तो शिळ्या खबरीवर माल धरून बसला असेल.

मोबाईल फेकून द्या, असे आम्ही म्हणत नाही. त्याच हंगामात हमीभावाने कापूस घालायला ‘कपास किसान’ ॲपवर नोंदणी सक्तीची झाली. लांब धाग्याचा हमीभाव ८,११० रुपये क्विंटल होता, पण नोंद नसेल तर तो कागदावरच. मोबाईल आता आपले अवजार आहे. अवजाराची मूठ आपल्या हातात हवी.

तेव्हा गावोगाव श्रोता मंडळे पुन्हा करू या. आठवडी बाजाराच्या आदल्या संध्याकाळी वीस जण बसा. आलेला निरोप एकाने मोठ्याने वाचावा आणि सर्वांनी तीन प्रश्न विचारावेत: कोणी सांगितले? कोणत्या तारखेला? सांगणाऱ्याचा यात फायदा काय? उत्तर मिळाले नाही, तर प्रश्न लेखी बाजार समितीकडे किंवा कृषी विज्ञान केंद्राकडे द्या, पोच घ्या आणि आलेले उत्तर पुढच्या बैठकीत वाचा. तोवर त्या निरोपावर ना फवारणी, ना विक्री.

जय बळिराजा!