मिळवलेले मैल कोणाचे?
(नभोवाणीवरील भाषण)



विमानकंपन्यांशी करार करून बँका जी क्रेडिट कार्डे देतात आणि ज्यांवरील प्रत्येक खरेदीमागे ग्राहकाच्या खाती प्रवासाचे काही मैल किंवा पॉइंट जमा होतात, त्या कार्डांविषयी आज आपल्याशी बोलावयाचे आहे. हा विषय थोड्या सधन प्रवाशांपुरता आहे असे वरकरणी वाटेल. परंतु ज्यांची मुले न्यू जर्सीत किंवा कॅलिफोर्नियात स्थायिक झाली आहेत, आणि जे किराण्यापासून विम्याच्या हप्त्यापर्यंतचा घरखर्च एकाच कार्डावर घालून त्यातून नातवंडांच्या भेटीच्या एका तिकिटाची तरतूद करू पाहतात, अशी मध्यमवर्गीय कुटुंबे पुण्यामुंबईकडे आता पुष्कळ आहेत. मैलांच्या अटी पालटतात तेव्हा पहिला फटका बसतो तो वर्षानुवर्षे धीराने साठवणाऱ्या या माणसांना, कारण ज्याच्यापाशी साठा अधिक, त्याचीच हानी अधिक.

ही प्रथा अमेरिकेत जन्मली. तेथील सरकारने 1978 साली कायदा करून विमानभाड्यांवरील आणि मार्गांवरील नियंत्रण काढून घेतल्यावर कंपन्यांमध्ये जी तीव्र स्पर्धा माजली, तीत नेहमीचा प्रवासी आपल्याकडेच टिकून राहावा म्हणून अमेरिकन एअरलाइन्सने 1 मे 1981 रोजी आपली मैलांची योजना जाहीर केली, आणि आठवडा उलटण्यापूर्वीच युनायटेडने तिचे अनुकरण केले. प्रारंभी हिशेब सरळ होता : जितके अंतर उडाल तितके मैल, आणि ठराविक मैल साठले की एक तिकीट. पुढे 1987 मध्ये सिटीबँकेने अमेरिकन एअरलाइन्सच्या नावाचे कार्ड काढले, आणि तशी कार्डे पसरत गेली तसतसा मैलांचा उड्डाणाशी असलेला नैसर्गिक संबंध सुटला. विमानात पाऊल न ठेवणाऱ्यालाही मैल मिळू लागले. प्रवाशाच्या निष्ठेबद्दल दिलेले बक्षीस ही त्यांची मूळ ओळख मागे पडून ते विक्रीची वस्तू झाले, आणि पुढे जे जे घडले त्या सर्वांचे मूळ या स्थित्यंतरात आहे असे माझे निश्चित मत आहे.

ही विक्री कशी चालते ते थोडे विस्ताराने पाहणे अवश्य आहे. आपण दुकानात कार्ड वापरले की दुकानदाराच्या रकमेतून शेकडा दोनच्या आसपास काही भाग कापला जातो. त्यातला मोठा हिस्सा कार्ड देणाऱ्या बँकेकडे जातो, आणि त्या उत्पन्नातून, तसेच वार्षिक फीतून आणि थकबाकीवरील व्याजातून, बँक विमानकंपनीकडून घाऊक दराने मैल विकत घेऊन ग्राहकाच्या खाती घालते. विमानकंपनीला रोख पैसा आज मिळतो; त्याच्या बदल्यात जी खुर्ची द्यायची ती पुढे केव्हातरी, आणि पुष्कळदा अशी की जी एरवी रिकामीच गेली असती. किती मैल विकायचे हे ठरवणारी कंपनी तीच, आणि एका तिकिटाला किती मैल मागायचे हे ठरवणारीही तीच. टांकसाळ आणि बाजारातला भावफलक एकाच हाती असावा, तशी ही व्यवस्था आहे. मैल फार विकले गेले आणि खुर्च्या तेवढ्याच राहिल्या, तर भाव चढवण्यास कंपनीला कोणाच्याही संमतीची गरज पडत नाही.

या धंद्याचे आकारमान 2020 च्या महामारीत जगासमोर आले. विमाने धावपट्टीवर उभी होती, उत्पन्न आटले होते, आणि अशा वेळी युनायटेडने आपली मैलांची योजना तारण ठेवून सुमारे 6.8 अब्ज डॉलरचे कर्ज उभारले. त्या योजनेचे मूल्य तेव्हा सुमारे 22 अब्ज डॉलर धरण्यात आले होते, आणि त्याच दिवसांत खुद्द कंपनीच्या सर्व शेअरांची बाजारातील किंमत त्याहून कमी होती. डेल्टा या विमानकंपनीला अमेरिकन एक्सप्रेसकडून तिच्या नावाच्या कार्डांपोटी 2024 या एका वर्षात सुमारे 7.4 अब्ज डॉलर मिळाले. सावकार ज्याला अब्जावधींचे तारण मानतो, ते ग्राहकाच्या हाती आले की त्याला मात्र मालमत्तेचा दर्जा नाही, ही विसंगती मला अतिशय खटकते.

हा दर्जा नाही हे मी माझ्या पदरचे सांगत नाही. 1988 साली अमेरिकन एअरलाइन्सने मैलांवर मिळणाऱ्या खुर्च्यांच्या संख्येवर मर्यादा घातली आणि वर्षातील काही तारखांना असे तिकीट मुळीच मिळणार नाही असा नियम केला. आणि हे सारे नव्याने मिळणाऱ्या मैलांनाच नव्हे, तर सभासदांनी पूर्वीच साठवलेल्या मैलांनाही लागू केले. इलिनॉय राज्यातील सभासद न्यायालयात गेले. प्रकरण चढत चढत अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोहोचले आणि 1995 मध्ये निर्णय झाला तो असा की, 1978 च्या केंद्रीय कायद्यामुळे राज्याच्या ग्राहकसंरक्षण कायद्याचा आधार या सभासदांना घेता येणार नाही. मात्र कंपनीने स्वतः केलेला करार मोडला असेल, तर त्या करारापुरती दाद त्यांना मागता येईल. पुढे 2014 मध्ये मिनेसोटातील एका धर्मगुरूंचे सभासदत्व दुसऱ्या एका कंपनीने रद्द केल्याचे प्रकरण त्याच न्यायालयापुढे आले, आणि तेथे न्यायालयाने एकमताने ठरवले की, करारात गृहीत असलेल्या सद्भावनेचे जे तत्त्व राज्याचा कायदा उभयपक्षांवर बाहेरून लादतो, त्याच्या बळावर त्यांचा दावा चालू शकत नाही. दोन्ही निर्णय एकत्र वाचले म्हणजे स्थिती ध्यानात येते : कागदावर लिहिलेला करार एवढाच ग्राहकाचा आधार, आणि त्याच कागदावर बहुधा असेही लिहिलेले असते की अटी केव्हाही बदलण्याचा अधिकार कंपनीने राखून ठेवला आहे.

आता आपल्याकडे वळू. 2023 सालचे अ‍ॅक्सिस बँकेच्या मॅग्नस कार्डाचे उदाहरण मला सर्वांत बोधक वाटते. हे कार्ड कोणा एका विमानकंपनीच्या नावाचे नव्हते. परंतु त्यावरील पॉइंट निरनिराळ्या विमानकंपन्यांच्या मैलांत पालटता येत असत, आणि पाच पॉइंटांस चार मैल हे प्रमाण इतके अनुकूल होते की लोकांनी ते त्याच हेतूने घेतले. महिन्यास एक लाख रुपये खर्च केल्यास पंचवीस हजार पॉइंट अधिक मिळत. जुलैच्या अखेरीस बँकेने जाहीर केले की 1 सप्टेंबर 2023 पासून हे मासिक बक्षीस बंद होईल, वार्षिक फी दहा हजारांवरून साडेबारा हजार होईल, आणि पाच पॉइंटांस चारऐवजी दोनच मैल मिळतील. यांतील पहिल्या दोन बदलांविषयी माझी तक्रार नाही. बँकेस ते परवडत नसेल तर तिने पुढच्यासाठी बदलावे, आणि ग्राहकाला पटत नसेल तर त्याने कार्ड परत करावे. तिसरा बदल मात्र जातीने निराळा आहे. ज्या गृहस्थाने जुन्या प्रमाणावर विश्वसून लाखभर पॉइंट साठवले होते, त्याच्या खाती ऑगस्टच्या शेवटच्या दिवशी ऐंशी हजार मैलांचे मूल्य होते आणि दुसऱ्या दिवशी सकाळी चाळीस हजारांचे. खर्च त्याने पूर्वीच केला होता, दुसरी कार्डे बाजूला सारून हेच कार्ड पुढे केले होते. म्हणजे करारातील आपला भाग त्याने पुरा केला होता. महिनाभराची सूचना मिळाली हे खरे, परंतु जो प्रवासात होता, आजारी होता, किंवा ज्याला आलेल्या निरोपाचे मर्म उमगले नाही, त्याला तिचा उपयोग काय झाला?

विस्तारा या विमानकंपनीची कथा वेगळ्या कारणाने घडली. तिच्या नावाचे अ‍ॅक्सिस बँकेचे इन्फिनिट कार्ड दहा हजार रुपये वार्षिक फीत बिझनेस क्लासचे एक तिकीट देई, आणि वर्षातील खर्चाचे ठरलेले टप्पे गाठल्यास आणखी तिकिटे. करांचा भार सोसूनही हा सौदा ग्राहकाच्या लाभाचा होता यात संशय नाही. 12 नोव्हेंबर 2024 रोजी विस्तारा एअर इंडियात विलीन झाली. सभासदांचे पॉइंट एकास एक या प्रमाणात एअर इंडियाच्या महाराजा क्लब या योजनेत गेले. परंतु पॉइंटांची संख्या कायम राहिली म्हणून त्यांची क्रयशक्तीही कायम राहिली असे होत नाही, कारण कोणत्या प्रवासास किती पॉइंट लागतील ते कोष्टक आता नव्या घरचे होते. कार्डांची नवी विक्री थांबली आणि जुन्या कार्डांवरील तिकिटांचे लाभ 2025 मध्ये मावळले. त्याच वर्षी 31 मार्चपासून स्टेट बँकेच्या एअर इंडिया सिग्नेचर कार्डावर, एअर इंडियाचे तिकीट काढल्यास शंभर रुपयांमागे मिळणारे तीस पॉइंट दहावर आले. याच्या आधी, 17 एप्रिल 2019 रोजी, जेट एअरवेजची विमाने थांबली तेव्हा तिच्या सभासदांचे मैल वाचले ते एवढ्याचसाठी की ती योजना एका स्वतंत्र कंपनीच्या ताब्यात होती. पुढे ती इंटरमाइल्स या नावाने चालू राहिली. ज्या विमानात बसण्यासाठी ते मैल साठवले ते विमान मात्र उरले नव्हते.

या कार्डांबरोबर मिळणाऱ्या विमानतळावरील लाउंजांच्या प्रवेशाविषयीही थोडक्यात सांगतो. पूर्वी कार्ड दाखवले की प्रवेश मिळे. गर्दी अनावर झाल्यावर बँकांनी मागील तिमाहीत ठराविक खर्च केल्याची अट घातली, आणि आयसीआयसीआय बँकेने आपल्या अनेक कार्डांसाठी 1 एप्रिल 2024 पासून ही रक्कम पस्तीस हजार रुपये ठेवली. हा बदल मला गैर वाटत नाही.

लोकांनी बोलून काही होत नाही, असे म्हणणाऱ्यांसाठी डेल्टाची हकिकत सांगण्याजोगी आहे. सप्टेंबर 2023 मध्ये या कंपनीने आपल्या विशेष दर्जाच्या आणि लाउंजांच्या अटी एकाएकी फार कडक केल्या. सर्वोच्च दर्जासाठी वर्षास, कंपनीच्या हिशेबाने, 35,000 डॉलर खर्चाची अट आली. सभासदांत असा क्षोभ उसळला की मुख्याधिकारी एड बॅस्टियन यांनी थोड्याच दिवसांत आपण मर्यादेपलीकडे गेलो अशी जाहीर कबुली दिली, आणि ऑक्टोबरमध्ये ती अट 28,000 डॉलरवर आणली गेली. माघार पुरती नव्हती. पण मोठ्या संस्थेलाही आपल्या ग्राहकांचा एकत्रित आवाज ऐकावा लागतो, एवढे तीवरून सिद्ध झाले. पुढल्या वर्षी, सप्टेंबर 2024 मध्ये, अमेरिकेच्या परिवहन खात्याने चार मोठ्या विमानकंपन्यांकडून त्यांच्या मैलांच्या योजनांविषयी तपशीलवार माहिती मागवली, आणि साठलेल्या मैलांचे अवमूल्यन हा त्या चौकशीतील एक प्रमुख मुद्दा होता.

आपल्या रिझर्व्ह बँकेने 2022 च्या निर्देशांत कार्डावरील आकारांविषयी, म्हणजे शुल्कांविषयी, चांगली तरतूद केली आहे. आकारातील बदल पुढील काळापुरताच आणि किमान एक महिन्याची सूचना देऊन करावा. तो अहितकारक वाटल्यास ग्राहकास जादा आकार न देता कार्ड परत करता यावे. आणि थकबाकी चुकती असल्यास बंद करण्याची विनंती सात कामकाजाच्या दिवसांत पुरी न केल्यास बँकेने दिवसास पाचशे रुपये दंड द्यावा. माझी मागणी एवढीच आहे की, ज्या स्पष्टतेने आकारांबद्दल लिहिले, त्याच स्पष्टतेने कमावलेल्या पॉइंटांबद्दलही लिहावे : जे पॉइंट ज्या प्रमाणाच्या भरवशावर मिळवले, ते त्याच प्रमाणाने वापरण्यास किमान वर्षभराची मुदत मिळावी. पूर्वलक्षी बदलाला आळा घातल्याने कोणत्याही बँकेचे दिवाळे निघणार नाही. योजना जाहीर करतानाच ती अधिक विचार करील इतकेच.

तोवर आपण काय करावे? मैल वर्षानुवर्षे साठवू नयेत; त्यांना व्याज नाही आणि हमीही नाही. प्रवास ठरला की वापरावेत, आणि पालटता येणारे पॉइंट तिकीट दिसल्याखेरीज विमानकंपनीकडे पाठवू नयेत, कारण पाठवलेले सहसा परत येत नाहीत. दरवर्षी फी भरण्यापूर्वी मागल्या वर्षी प्रत्यक्षात काय पदरी पडले ते कागदावर मांडावे, आणि फीवर शेकडा अठरा कर लागतो हेही त्यात धरावे. ज्यांच्याकडून पुरे बिल मुदतीत भरले जात नाही, त्यांनी या कार्डांच्या वाटेस जाऊच नये. अनेक कार्डांवर व्याज महिन्यास साडेतीन ते पावणेचार टक्के, म्हणजे वर्षास चाळीस टक्क्यांहून अधिक पडते, आणि कोणतेही मैल ते भरून काढू शकत नाहीत.

आणि अन्याय झाला असे वाटल्यास स्वस्थ बसू नये. प्रथम बँकेकडे लेखी तक्रार करावी, तिची पोच जपून ठेवावी. तीस दिवसांत उत्तर आले नाही, किंवा आलेल्या उत्तराने समाधान झाले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जावे. त्याची माहिती 14448 या क्रमांकावर मिळते आणि तक्रारीस कोणतेही शुल्क पडत नाही.